स्मार्ट मीटर बसला, आता पंप कधी लावायचा? वेळेनुसार वीजदराचं घरगुती गणित

स्मार्ट मीटर बसला की वाड्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. संध्याकाळी काही लावू नका, आणि सगळं दुपारी उरकून घ्या. दोन्ही अर्धेच खरे आहेत. घरातली तीन-चार यंत्रं सोडली तर बाकीच्यांची वेळ बदलून हाती फारसं काही लागत नाही, आणि ती तीन-चार कोणती हे प्रत्येक घरी वेगळं असतं. म्हणून आधी मीटर वाचायला शिकायचं, मग हिशेब करायचा, आणि घड्याळाला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

दर दिवसभर एक का नसतो

गोव्यात मोठं वीज केंद्र नाही. आपली वीज पश्चिम आणि दक्षिण विभागांतल्या केंद्रीय प्रकल्पांकडून आणि बाजारातून येते. दुपारी देशभरातले सौर प्रकल्प भरात असतात, तेव्हा वीज स्वस्त मिळते. सूर्य मावळला की ती आटते आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, एसी, मिक्सर सुरू होतात. अशा वेळी वीजबाजारात दर १० रुपये युनिट या कमाल मर्यादेलाही टेकतो. हा फरक ग्राहकाच्या बिलात दिसावा म्हणून केंद्राने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यातल्या तीन गोष्टी घरगुती ग्राहकाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, दिवसातले आठ तास ‘सौर तास’ ठरवायचे आणि त्यांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा. दुसरी, गर्दीच्या, म्हणजे विजेला सगळ्यात जास्त मागणी असलेल्या, तासांचा दर घरगुती ग्राहकाला नेहमीच्या दराच्या किमान १.१० पट. उद्योग आणि व्यापारी ग्राहकांना तो किमान १.२० पट आहे. गर्दीचे तास सौर तासांपेक्षा जास्त असता कामा नयेत. तिसरी, ही वाढ-घट फक्त वापरलेल्या युनिटांच्या आकाराला, म्हणजे ऊर्जा आकाराला लागते. स्थिर आकाराशी तिचा संबंध नाही. शेतीच्या जोडण्या या तरतुदीतून वगळल्या आहेत.

गोव्यासाठी प्रत्यक्ष तास आणि दर संयुक्त वीज नियामक आयोग, म्हणजे जेईआरसी, दर-आदेशात ठरवतो. हा आदेश आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात आपला वर्ग (लघुदाब घरगुती) शोधा, टीओडीच्या, म्हणजे वेळेनुसार दराच्या, तक्त्यातले तास कागदावर उतरवा आणि तो कागद मीटरच्या पेटीवर आतून चिकटवा. शेजाऱ्याने सांगितलेल्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वेळांवर जाऊ नका. त्या अनेकदा महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या असतात. खालच्या उदाहरणांत आम्ही सौर तास सकाळी ९ ते संध्याकाळी ५, गर्दीचे तास संध्याकाळी ६ ते रात्री १० आणि नेहमीचा दर ५ रुपये धरला आहे. आकडेमोड सोपी जावी एवढाच त्यामागचा हेतू. तुमचे आकडे त्या जागी घाला.

मीटर बदलताना

माणसं मीटर बदलायला आली की घरात कुणीतरी हजर असावं. जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो असा काढा की मीटर क्रमांकही त्यात येईल. नव्या मीटरचा क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग आणि सील यांचेही फोटो हवेत. मीटर बदलल्याच्या कागदावर हेच आकडे आहेत ना ते बघून मगच सही करा. पुढच्या दोन बिलांत घोळ झाला तर हे चार फोटोच कामी येतात. बिलावर जुन्याचे आणि नव्याचे युनिट वेगळे दाखवून बेरीज केलेली असायला हवी.

एक भीती काढून टाका. स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या कमाल मागणीवरून (घराने ओढलेल्या सगळ्यात जास्त भारावरून) तो बसण्याआधीच्या काळाचा दंड लावता येत नाही, असं २०२३ च्याच दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे.

मीटर वाचायचा कसा

पडद्यावरचे आकडे काही सेकंदांनी आपोआप बदलत राहतात. बटण असेल तर दाबून पुढे जाता येतं. आपल्याला हव्या आहेत पाच गोष्टी: तारीख, वेळ, एकूण युनिट, वेळेच्या पट्ट्यांचे वेगवेगळे युनिट आणि कमाल मागणी. पट्ट्यांच्या आकड्यांपुढे टी१, टी२, टी३ किंवा तशीच खूण असते. कुठली खूण कुठल्या तासांची हे ओळखायचा सोपा मार्ग आहे. दुपारी १२ वाजता गिझर पाच मिनिटं लावा आणि कोणता आकडा पुढे सरकला ते बघा. संध्याकाळी ७ वाजता पुन्हा करा. दशांशाचे आकडे दिसत नसतील तर पाच मिनिटांत काही हलणार नाही, मग अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं.

मीटरचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहा. दोन-तीन मिनिटांचा फरक चालतो. अर्धा तास मागे असेल तर गर्दीचे तास संपल्यानंतरचे तुमचे युनिटही गर्दीच्या खात्यात जाऊ शकतात. ही तक्रार लगेच करायची, बिल येईपर्यंत वाट बघायची नाही.

मीटर बरोबर चालतो का, हेही घरच्या घरी ताडता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला किती वेळा लुकलुकेल तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा आणि एक मिनिट मोजा. साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. सूत्र असं: मिनिटातले ठोके गुणिले ६०,०००, भागिले मीटरवरचा आकडा; उत्तर वॅटमध्ये येतं. इस्त्री यासाठी वापरू नका, तापली की ती मधेच स्वतः बंद होते. आणि व्होल्टेज कमी असेल तर रॉडही १००० वॅट ओढत नाही, तेव्हा दहा टक्क्यांच्या फरकावरून भांडायला जाऊ नका. याच सूत्राने कुठल्याही यंत्राचा खरा भार काढता येतो, आणि पुढच्या कामाला तोच लागतो.

पहिला महिना काही बदलू नका

महिनाभर नेहमीसारखं वागा आणि फक्त नोंद ठेवा. दर रविवारी सकाळी सगळ्या पट्ट्यांच्या आकड्यांचा फोटो काढला तरी पुरे. मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर साठवतो. दिवसातून किमान एकदा त्याचं दूरवाचन व्हावं आणि ग्राहकाला ती माहिती अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा एसएमएसवर मिळावी असाही नियम आहे. ती मिळत असेल तर आलेखात संध्याकाळचे सुळके लगेच डोळ्यांत भरतात.

या नोंदीसाठी चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, महिना घेऊ नका. मूळ घरी माणसं भरलेली असतात, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) दिव्यांच्या माळा रात्रभर चालू असतात. मे महिनाही नको, तेव्हा एसीच सगळं बिल खातो. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीसारखा शांत महिना बरा.

आता हिशेब. समजा महिन्याचे ३०० युनिट झाले: गर्दीचे १२०, सौर तासांतले ७०, बाकीच्या वेळेचे ११०. गर्दीचे १२० गुणिले ५.५० म्हणजे ६६० रुपये, सौर ७० गुणिले ४ म्हणजे २८०, उरलेले ११० गुणिले ५ म्हणजे ५५०. एकूण १४९० रुपये. सरसकट ५ रुपयांनी १५०० झाले असते. म्हणजे काहीही न बदलता हे घर दहा रुपयांनी फायद्यातच आहे.

यातून एक ठोकताळा निघतो. गर्दीला १० टक्के वाढ आणि सौर तासांना २० टक्के सूट असेल, तर गर्दीचे युनिट सौर युनिटांच्या दुप्पट होईपर्यंत तुमचं नुकसान नाही. गर्दीची वाढ २० टक्के असेल तर दोन्ही युनिट सारखे झाले की तोल साधतो. नोकरीमुळे दिवसभर बंद असलेलं घर या कसोटीवर मार खातं. आजी-आजोबा दिवसा घरी असलेलं घर आपोआप सुटतं.

आता यातले ४५ युनिट संध्याकाळहून दुपारी नेले तर बिल १४२२ रुपये ५० पैसे होतं. वाचले ६७ रुपये ५० पैसे. एक युनिट गर्दीतून सौर तासांत नेला की दीड रुपया वाचतो, पण तोच युनिट वापरलाच नाही तर साडेपाच वाचतात. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. युनिट कमी केला की तो सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतो. नुसती वेळ बदलून टप्पा बदलत नाही. म्हणून ७५ वॅटचे जुने पंखे काढून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावणारं घर, रात्री उठून मशीन लावणाऱ्या घरापेक्षा जास्त वाचवतं.

काय हलवायचं, काय जागच्या जागी ठेवायचं

विहिरीचा पंप. सगळे पहिलं नाव याचंच घेतात. एक अश्वशक्तीचा पंप मीटरवर साधारण १.१ किलोवॅट ओढतो आणि हजार लिटरची टाकी १५ ते २५ मिनिटांत भरतो. म्हणजे दिवसाला जेमतेम ०.४ युनिट, महिन्याला १२. वेळ बदलून १८ रुपये वाचतील. तरीही हलवा, कारण यात कष्ट काहीच नाहीत. पण त्याच घरगुती जोडणीवरून माडांना आणि पोफळींना रोज दोन तास पाणी जात असेल तर गणित वेगळं होतं. महिन्याला ६६ युनिट, म्हणजे १०० रुपयांच्या आसपास. त्यात एक मेख आहे: भर दुपारी दिलेलं पाणी वाफ होऊन जातं. सौर तास ९ ला सुरू होत असतील तर ९ ते ११ ही वेळ दोन्हीकडून सोयीची. कुळागर (माडा-पोफळीची बाग) मोठं असेल तर शेतीची वेगळी जोडणी घेणं हाच खरा उपाय.

वॉशिंग मशीन. गार पाण्याची धुलाई ०.२ युनिटाच्या आसपास, गरम पाण्याची जवळपास एक युनिट. गरम धुलाई दुपारी न्या. गारेसाठी झोपमोड करू नका. पावसाळ्यात तर कपडे सुकायचे वांधे असतात, तिथे वेळेपेक्षा ऊन जास्त महत्त्वाचं.

गिझर. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. दोन किलोवॅटचा गिझर ते पाव तासात करतो. सकाळी ६-७ ची आंघोळ बहुधा नेहमीच्या दरात बसते, तिला हात लावू नका. कामावरून आल्यावरची आंघोळ गर्दीत येते. दुपारीच पाणी तापवून ठेवावं असं वाटतं खरं, पण टाकीतून उष्णता झिरपत राहते आणि दिवसभरात अर्ध्या युनिटाच्या आसपास वाया जाऊ शकतं. चार-पाच तासांसाठी नुकसान कमी असलं तरी फायदाही तेवढाच कमी. त्यापेक्षा थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा आणि आंघोळीआधी पाव तास लावा. कौलारू घरात जागा असेल तर सोलर वॉटर हीटर या सगळ्यावर मात करतो.

एसी. संध्याकाळी खोली आधीच थंड करून ठेवायची युक्ती काँक्रीटच्या स्लॅबखालच्या, खिडक्या घट्ट बसणाऱ्या खोलीत थोडी चालते. मंगळुरी कौलांच्या खोलीत नाही. गोव्यात एसीचं बरंचसं काम हवेतला ओलावा काढायचं असतं, आणि दार उघडलं की तो पुन्हा आत येतो. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा बीईई या केंद्रीय संस्थेचा अंदाज आहे. २४ ऐवजी २७ आणि सोबत पंखा, हे जास्त भरवशाचं.

इलेक्ट्रिक स्कूटर. खरा हलवता येण्यासारखा भार हाच. तीन युनिटांची बॅटरी भरायला भिंतीतून साडेतीनच्या आसपास जातात. महिन्यात १५ वेळा म्हणजे ५२ युनिट. घरी आल्या आल्या प्लग लावला तर सगळे गर्दीत. रात्री १० नंतर लावला तर २६ रुपये वाचतात, दुपारी लावता आला तर ७८. स्कूटरच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ ठरवता येत असेल तर बाहेरचा टायमर नको. सॉकेट १६ अँपिअरचं, स्वतंत्र वायरचं आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) हवं. आपली जांभ्याची जमीन मार्च ते मे सुकते आणि अर्थिंग कमकुवत होतं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

इन्व्हर्टर. दुपारच्या स्वस्त विजेने बॅटरी भरायची आणि संध्याकाळी त्यावर घर चालवायचं, ही कल्पना ऐकायला हुशारीची आहे. शिशाच्या बॅटरीत घातलेल्या विजेतली सुमारे ७० टक्केच परत मिळते. ४ रुपयांचा युनिट मग ५.७० ला पडतो आणि गर्दीचा दर आहे ५.५०. बॅटरीची झीज अजून धरलेलीच नाही. इन्व्हर्टर लाईट जाण्यासाठी आहे, त्यालाच राहू द्या.

फ्रिज कधीही बंद करू नका. पुन्हा थंड होताना तो वाचलेलं सगळं परत घेतो, आणि बांगडे खराब झाले तर वर्षभराची बचत एका दिवसात गेली. संध्याकाळचा स्वयंपाकही जागच्या जागी राहू द्या. फार तर वाटणघाटण दुपारी करून ठेवा.

टायमर लावताना काय बिघडतं

बाजारात चकतीचा चोवीस तासांचा टायमर सगळ्यात स्वस्त. चकतीवर पाव तासाच्या खुंट्या असतात. गोव्याच्या पावसाळ्यात तो फसतो. लाईट गेली की चकती थांबते आणि दोन तासांनी लाईट आली की टायमर दोन तास मागे. आठवड्यात पंप नेमका गर्दीच्या वेळी सुरू व्हायला लागतो आणि कुणाला कळतही नाही. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. वायफायचा प्लग घेणार असाल तर वीज परत आल्यावर तो आधीच्या स्थितीत येतो की बंदच राहतो, हे घेतानाच विचारा.

पंप थेट टायमरवर लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते आणि टायमरचे संपर्कबिंदू चिकटतात. मग पंप बंदच होत नाही. टायमरने कॉन्टॅक्टर (जड भार झेलणारा विजेवरचा स्विच) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप. इलेक्ट्रिशियनला नेमकं हेच सांगा. टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की पंप बंद करणारा, हवाच. आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते, तेव्हा कोरडा चालला तर बंद करणारं संरक्षण नसेल तर पंप टायमरवर ठेवूच नका. वर्षाला दोनशे रुपये वाचवायला जाऊन मोटरचं वाइंडिंग जळतं.

वॉशिंग मशीन बटणांची असेल तर बाहेरच्या टायमरने ती सुरू होत नाही, नुसता दिवा लागतो. तिच्यातलीच उशिरा सुरू होण्याची सोय वापरा.

सगळं एकदम लावण्याचा धोका

सौर तास सुरू झाले म्हणून ९ वाजता गिझर २, पंप १.१, गरम धुलाई २ आणि इस्त्री १ किलोवॅट एकदम लागली की ६.१ किलोवॅट झाले. मंजूर भार (जोडणीला खात्याने मंजूर केलेला भार) ३ किलोवॅट असेल तर एमसीबी पडेल. नाही पडला तरी मीटर कमाल मागणी नोंदवेल. ही नोंद क्षणाची नसते, अर्ध्या तासाची सरासरी असते. २ किलोवॅटचा गिझर पाव तास चालला तर तो सरासरीत १ किलोवॅटच धरला जातो. म्हणून जड यंत्रं अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे लावली तर मागणी आपोआप खाली राहते. आर्थिक वर्षात किमान तीनदा मंजूर भार ओलांडला तर तो वाढवता येतो, आणि त्याबरोबर स्थिर आकारही वाढू शकतो. दर महिन्याला पडद्यावरचा हा आकडा बघायची सवय लावा.

छतावर सोलर असेल तर

तुमचे पॅनल नेमके स्वस्त तासांतच वीज करतात. ग्रिडला दिलेले युनिट कोणत्या पट्टीच्या वापरातून वजा होतात, हे नेट मीटरिंगच्या करारात आणि बिलावर बघा. दुपारचे युनिट संध्याकाळच्या वापरातून एकास एक वजा होत नसतील तर मशीन, इस्त्री, स्कूटर दिवसा लावणं बिनसोलर घरापेक्षा तुम्हाला जास्त फायद्याचं.

बिल जुळत नसेल तर

सगळ्या पट्ट्यांच्या युनिटांची बेरीज एकूण युनिटांएवढी यायला हवी. मग प्रत्येक पट्टीचे युनिट गुणिले तिचा दर. इंधन आणि वीजखरेदीचं समायोजन, वीज शुल्क, स्थिर आकार हे वेगळ्या ओळींत असतात, त्यांना टीओडीत मिसळू नका. बहुतेक मीटर महिन्याच्या १ तारखेला मध्यरात्री बिलाचे आकडे गोठवतात. तुमचा फोटो त्या सकाळचा असेल तर ताळा लगेच लागतो.

फरक दिसला तर उपविभागाच्या कार्यालयात फोटोंसह लेखी तक्रार द्या किंवा १९१२ वर नोंदवा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा असतो. अर्जात ‘पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावा’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘बिल जास्त आलं’ लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं. तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यानंतर जेईआरसीचा विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही, फोटो आणि तारखा लागतात.